आता नंबर आपला

८ मार्च १९६५. सकाळचे नऊ. दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले. डोक्यावर शिरस्त्राण, हातात बंदूक, पाय पाण्यात, आणि आता गोळ्या सुटणार म्हणून दातओठ आवळलेले. सुटलं काहीच नाही. वाळूत आओ दाय घातलेल्या मुली उभ्या होत्या, हातात फुलांचे हार घेऊन. मागे स्वागताचे फलक. त्या सुमारे साडेतीन हजार सैनिकांचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक कार्च यांच्या गळ्यात हार पडल्याचा फोटो जगभर छापून आला. लग्नात मानपान नीट होऊनही रुसून बसलेल्या वरपित्याचा असतो, तसा त्यात त्यांचा चेहरा आहे.

तेव्हा दा नांगच्या रिसॉर्टात शिरताना तुमच्या गळ्यात हार पडला आणि हातात गवती चहाचं गार सरबत आलं, तर लगेच हुरळून जाऊ नका. हे गाव हार घालण्यात जुनं मुरलेलं आहे. बंदूक घेऊन आलेल्यांनाही त्याने घातले. तुम्ही तर बिचारे पंचवीस डॉलर भरून, ई-व्हिसाची दोन प्रिंट घेऊन आलात. (एक हरवली तर म्हणून दुसरी. दुसरी हरवली तर म्हणून मोबाइलमध्ये फोटो. आपण व्हिएतनामवर स्वारी करत नाही, पण तयारी स्वारीचीच असते.)

पाहुण्यांची यादी लांब आहे. १ सप्टेंबर १८५८ ला फ्रेंच आणि स्पॅनिश गलबतं तोफा डागत या खाडीत शिरली. मुक्काम काही मानवला नाही. उकाडा, पाऊस, पटकी, हगवण. दीडेक वर्षात पाहुण्यांनी गाशा गुंडाळला, आणि सोन चा डोंगराच्या पायथ्याशी आपल्या लोकांच्या कबरी ठेवून गेले. मग फ्रेंच परत आले ते दोन पिढ्या राहिले, आणि गावाला 'तुरान' म्हणू लागले. त्यांच्यानंतर अमेरिकन. त्यांनी मी खेच्या पांढऱ्या वाळूला 'चायना बीच' नाव दिलं. आघाडीवर थकलेल्या पोरांना इथे दोन-चार दिवस पोहायला आणि बिअर प्यायला पाठवत. म्हणजे रिसॉर्टची कल्पना नवी नाही. तेव्हा फक्त चेक-आउट झाल्यावर टॅक्सीऐवजी हेलिकॉप्टर यायचं आणि विमानतळाऐवजी जंगलात सोडायचं. २९ मार्च १९७५ ला उत्तरेचं सैन्य शहरात शिरलं आणि तोही हंगाम संपला.

संपला म्हणजे तात्पुरता. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेची 'कार्ल विन्सन' ही प्रचंड विमानवाहू नौका याच दा नांगला पाहुणचाराला आली. युद्धानंतर अशी नौका पहिल्यांदाच आली होती. त्याच वर्षी आणखी एक काम उरकलं. ज्या विमानतळावर आपली मंडळी आज 'फायनली हिअर' असा स्टेटस टाकतात, त्याच तळावर युद्धात 'एजंट ऑरेंज' हे झाडं मारायचं विष साठवत आणि विमानांत भरत. त्यातलं डायॉक्सिन तिथल्या मातीत चाळीस वर्षं मुरून बसलं होतं. २०१२ ते २०१८ अशी सहा वर्षं अमेरिकेच्या पैशाने ती माती उकरून, एका अवाढव्य काँक्रीटच्या खोक्यात रचून, तीनशे पस्तीस अंशांपर्यंत भाजून काढली. पाहुणा निघून गेल्यावर खोली साफ करावी लागते, हे हॉटेलवाल्यांना माहीत असतं. साफ करायला पाहुण्यालाच परत बोलावून त्याच्याकडूनच पैसे घेणं, हे मात्र दा नांगकडूनच शिकावं.

सध्याचे मुख्य पाहुणे दक्षिण कोरियन. इतके, की कोरियात लोक थट्टेने या गावाला 'ग्योंगी प्रांतातलं दा नांग शहर' म्हणतात. ग्योंगी हा सोलला लागून असलेला प्रांत. दुकानांच्या पाट्या कोरियन, मेन्यू कोरियन, मसाज करणारी बाई दुखतंय का ते कोरियनमध्ये विचारते. तुम्ही 'नो नो, इंडिया' म्हणालात की ती तितक्याच प्रेमाने 'शाहरुख खान' म्हणते आणि आणखी जोरात दाबते.

इथे तिरकसपणा जरा बाजूला ठेवावा लागतो. दा नांगहून होई आनला जाणाऱ्या बसेस द्येन बान भागातून जातात. या भागातल्या दोन वाड्यांत १२ फेब्रुवारी १९६८ ला सत्तरच्या वर निःशस्त्र गावकरी मारले गेले, आणि ते मारणारे अमेरिकेच्या बाजूने लढायला आलेले कोरियन मरीन होते. २०२३ साली सोलच्या न्यायालयाने त्यातून वाचलेल्या एका बाईच्या बाजूने निकाल दिला आणि कोरियन सरकारला भरपाई द्यायला सांगितलं. बसमधल्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे. गावाला ठाऊक आहे. तरी ते मेन्यू कोरियनमध्ये छापतं.

असो. आता नंबर आपला.

*

आपण आलोय हे कळायला फार शोध घ्यावा लागत नाही. मी खेच्या समोरच्या रस्त्यावर ताजमहालाचं चित्र आणि तंदूरचा वास असला की समजावं. २०२४ मध्ये अहमदाबादहून दा नांगला थेट विमान सुरू झालं. आता गुजराती माणूस जिथे थेट विमानाने जातो तिथे दुसऱ्या आठवड्यात जैन थाळी पोचते, हा भूगोलाचा नियमच आहे. त्यामागोमाग लग्नं आली. सातशे पाहुणे, तीन दिवस, हळद जलतरण तलावाकाठी, संगीत लॉनवर, फेरे समुद्राला साक्षी ठेवून. भटजीही विमानाने. (घोडा मात्र स्थानिक बघावा लागतो. आणि नाही मिळाला तर सायक्लो, म्हणजे तिथली पुढे बसायची सायकलरिक्षा. नवरदेवाला त्यात बसवलं की तो मेहुण्यांना जन्मभर पुरतो.)

मराठी माणसाची पद्धत वेगळी. तो लग्नाला जात नाही, सहलीला जातो, आणि सहलीत जेवायला जातो. पहाटे विमान उतरलं तरी पहिला प्रश्न ठरलेला: नाश्त्याला काय आहे? टूर मॅनेजर अभिमानाने सांगतो, उपमा. साडेपाच-सहा तास विमानात बसून, बंगालचा उपसागर ओलांडून, उपमा. बसमध्ये टाळ्या पडतात.

गंमत अशी की व्हिएतनामसारखा शाकाहाराची सोय असलेला देश त्या बाजूला शोधून सापडायचा नाही. बौद्ध घरांतून चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळायची रीत आहे, आणि ती पाळणाऱ्यांसाठी गल्लोगल्ली साध्या शाकाहारी खानावळी आहेत. भात, टोफू, फणस, केळफूल, लसूण घालून परतलेली नाळीची भाजी, वर सोयाबीनचा रस्सा. माशाचं पाणीसुद्धा नाही. पोट भरतं आणि पाकिटाला कळतही नाही. आमची मंडळी या खानावळीच्या दारावरून, 'इथे काही खाण्यासारखं मिळत नाही हो' असं म्हणत, सहा पट पैसे देऊन पनीर बटर मसाला खायला पुढच्या चौकात जातात. तिथला आचारी नेपाळी असतो. पनीर गोठवलेलं. पण काकू समाधानाने म्हणतात, 'घरच्यासारखं आहे.' घरी काकू पनीर करत नाहीत.

पैशाचा हिशेबही एकदा उरकून टाकू. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग. म्हणजे विमानतळावरच सगळे लखपती. पहिल्या दिवशी शहाळं पन्नास हजारांना म्हटल्यावर छातीत धस्स होतं, दुसऱ्या दिवशी तीनशेने भाग देता येऊ लागतो, तिसऱ्या दिवशी तीनशेने भागून आलेल्या उत्तराचे निम्मे करून मागायची आपली मूळ प्रतिभा जागी होते. बाजारातल्या बायका हे बघून हसतात. त्यांनी किंमत सांगतानाच दुप्पट सांगितलेली असते.

*

आता मुख्य देवस्थानाकडे वळू. बा ना टेकड्यांवरचा सोनेरी पूल. हा बघितल्याशिवाय व्हिएतनामहून परत आलेल्याला सोसायटीत घेत नाहीत. जून २०१८ मध्ये खुला झालेला, समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटर उंचीवरचा, दीडशे मीटर लांबीचा पादचारी पूल, आणि तो तोलून धरणारे डोंगरातून वर आलेले दोन अजस्र दगडी हात. शेवाळलेले, तडे गेलेले, हजारो वर्षांचे. हात फायबरग्लासचे आहेत. आत जाळी, वरून रंग. शेवाळ आणि तडे मुद्दाम काढून दिलेत, आणि पुलाला ते धरत नाहीत, पूल आपला आपण उभा आहे. हे आम्ही एका सहप्रवाशाला सांगितलं तर तो म्हणाला, 'म्हणूनच फोटो चांगला येतो.'

या डोंगराची गोष्ट त्या हातांहून भारी आहे. खालच्या उकाड्याला कंटाळलेल्या फ्रेंच साहेबांनी १९१९ मध्ये इथे आपलं माथेरान वसवलं. बंगले बांधले, पालखीत बसून वर जाऊ लागले. पालखी कोण वाहत होतं ते सांगायला नको. १९५४ मध्ये साहेब गेले, मग युद्ध आणि जंगल यांनी मिळून बंगले खाऊन टाकले. २००९ मध्ये तारेवरचे पाळणे आले, आणि नव्या मालकांनी काय बांधलं? फ्रेंच गाव. टोकदार मनोऱ्याचं चर्च, दगडी फरसबंदी, कारंजं, आणि युरोपातून पगारावर आणलेले नाचणारे. हाकलून दिलेल्या फ्रेंचांचं गाव, फ्रेंच वगळून. तिकीट नऊ लाख डोंगांच्या वर, म्हणजे माणशी तीनेक हजार रुपये. खरं फ्रेंच असं वर जे काही शिल्लक आहे त्यात बघण्यासारखं एकच: १९२३ सालचं डोंगरात खोदलेलं एक तळघर, वाइन गार ठेवायचं. साम्राज्य गेलं, बंगले गेले, दारूची सोय तेवढी टिकली. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

हे एकदा ध्यानात आलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. शहराच्या दक्षिणेला पाच संगमरवरी डोंगर आहेत, धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती या पाच तत्त्वांच्या नावांचे. त्यांतल्या पाण्याच्या डोंगरावर चढायला आता लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं. पायथ्याच्या नोन नुऑक गावात दगडी मूर्तींची दुकानंच दुकानं: बुद्ध, सिंह, व्हीनस, आणि ज्यांचा अर्थ विचारू नये असे काही पुतळे. विकणारी बाई डोंगराकडे बोट दाखवून 'मार्बल माउंटन' म्हणते. डोंगर संपत आला म्हणून तिथला दगड काढायला केव्हाच बंदी झाली. दगड येतो ट्रकने, उत्तरेच्या प्रांतांतून. बोट डोंगराकडे दाखवलं तेवढं खरं.

होई आनजवळचं 'नारळाचं जंगल' पाहा. झाडं नीपा नावाच्या दलदलीतल्या पामची आहेत, नारळाचा संबंध दूरचा. या जंगलात एके काळी गनिमी सैनिक दडत. आता तिथे बांबूच्या गोल टोपलीसारख्या होड्या आहेत आणि त्यातला नावाडी मोठ्या स्पीकरवरच्या कोरियन गाण्याच्या तालावर होडी गरगर फिरवतो. हल्ली आपण दिसलो की गाणं बदलून हिंदी लावतो. गनिमी काव्याचा हा आधुनिक अवतारच म्हणायचा: शत्रूला चक्कर आणा, मग टीप मागा. त्या होडीबद्दल एक गोष्ट सांगतात. फ्रेंचांनी होड्यांवर कर बसवला तेव्हा कोळ्यांनी ही टोपली विणली आणि विचारलं, साहेब, ही होडी आहे का? खरी असो वा नसो, आमच्या सीएने ऐकली तेव्हा तो हेलावला.

*

आमचं मत असं झालंय की दा नांग हे गाव फसवत नाही, निवडतं. खोटं तेवढं विकायला काढतं, खरं तेवढं कपाटात ठेवतं.

कपाट बघायचं असेल तर मी खेच्या वाळूत पहाटे पाचला जा. आख्खं गाव तिथे असतं. आजोबा पोहतायत, आज्या घोळक्याने हातपाय झटकतायत, ऑफिसला जायच्या आधी बायको-नवरा डुबकी मारतायत, कोळी टोपल्या ओढून आणतायत आणि त्यांच्याभोवती मासळीचा बाजार पाच मिनिटांत भरून पाच मिनिटांत उठतोय. नळाखाली अंग धुऊन, स्कूटरवर बसून, साडेसहा-सातला गाव पसार. कारण नंतर ऊन. उन्हात समुद्रावर जायला तिथला माणूस वेडा नाही; बायका तर स्कूटरवरही डोळ्यांपुरती फट ठेवून सगळं अंग झाकून घेतात. मग दहाला आपण उतरतो, रिसॉर्टच्या टॉवेलासकट. तेव्हा वाळूत राहिलेले असतात रशियन, कोरियन, आपण, आणि कुत्रं. दिवसभर आपण सोलवटून घेतो आणि म्हणतो, इथे लोकल लोक दिसतच नाहीत हो बीचवर.

हा पहाटेचा समुद्र त्यांना कुणी बक्षीस दिलेला नाही. काही वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर रिसॉर्टांच्या भिंतींमागे भिंती उभ्या राहिल्या आणि समुद्राकडे जायच्या जुन्या वाटा बुजल्या. लोकांनी आरडाओरडा केला. एकपक्षीय राजवट, तरी केला. शेवटी प्रशासनाला काही वाटा मोकळ्या करून द्याव्या लागल्या. कोकणात ज्याच्या वाडीतून समुद्राकडे जायची पाऊलवाट होती आणि आता तिथे लोखंडी फाटक आहे, अशा कुणी हे वाचलं तर त्याने उगाच मनाला लावून घेऊ नये. आपल्याकडे लोकशाही आहे. निवेदन देता येतं.

कॅसिनोचंही तेच. दा नांगच्या रिसॉर्टांमधले कॅसिनो परदेशी पाहुण्यांना उघडे, व्हिएतनामी नागरिकाला बंद. घरच्या पोरांनी जुगार खेळू नये. बाहेरच्यांच्या पोरांचं बाहेरचे बघतील. हसू नका, आपल्या गोव्यानेही फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोची दारं बंद केली. फरक एवढाच, की गोव्याने जुगार गोवेकरांपासून वाचवला आणि गोवा कुणापासूनच वाचवला नाही. दा नांगने खोटं फ्रान्स बांधून ते विकायला ठेवलं. गोव्याने खरं पोर्तुगाल, खरी घरं, खरी भातशेती आणि खरं गाव विकायला काढलं, आणि आता दिल्लीकडून आलेला नवा मालक खाली राहणाऱ्याला विचारतो, तुमच्या चर्चची घंटा एवढ्या सकाळी का वाजते?

*

या सगळ्यात एक जण वाट बघत उभा आहे, त्याच्याबद्दल बोलायचं राहिलं.

हान नदीच्या काठी, शहराच्या मध्यावर, चाम शिल्पांचं संग्रहालय आहे. समोरच ड्रॅगन पूल. ६६६ मीटर लांब, शनिवार-रविवारी रात्री नऊला तोंडातून आधी आग आणि मग पाणी सोडतो. त्या ड्रॅगनच्या शेपटीपाशी हे पिवळ्या भिंतींचं घर, १९१९ मध्ये उघडलेलं, आँरी पारमांतिए या फ्रेंच संशोधकाच्या धडपडीतून उभं राहिलेलं. आत चौथ्या-पाचव्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं या किनाऱ्यावर नांदलेल्या चंपा राज्याचे देव आहेत. राजांची नावं भद्रवर्मा, शंभुवर्मा, प्रकाशधर्म, इंद्रवर्मा. राजधान्या सिंहपूर आणि इंद्रपूर. शिलालेख संस्कृतात. आणि या सगळ्यात एक उभा गणपती आहे, 'मी सोन' इथल्या देवळातून आणलेला, सातव्या-आठव्या शतकातला. चार हातांचा, ठेंगणा, पोट सुटलेला, आणि हातातल्या खाऊच्या वाटीत सोंड घालून खात असलेला. बाराशे वर्षं खातोय, वाटी संपत नाही.

महाराष्ट्रातून रोज मंडळी येतात, गणपती बाप्पा मोरया म्हणत बस सुरू करतात, आणि ती बस या गणपतीच्या दारावरून ड्रॅगनकडे जाते. कार्यक्रमपत्रिकेत संग्रहालयासमोर लिहिलेलं असतं: 'बाहेरून दर्शन'. देवाचं नव्हे, इमारतीचं. ड्रॅगनला दोन तास. अंगावर पाणी उडतं, सगळे किंचाळतात, पैसे वसूल.

मी सोनला तर जाणारे त्याहून कमी. सत्तरेक किलोमीटर, वर चालायचं, आणि 'नुसत्या विटा आहेत'. आहेत खऱ्या. भद्रवर्म्याने चौथ्या शतकात तिथे भद्रेश्वर शिवाची स्थापना केली, आणि पुढे शतकानुशतकं राजे देवळं वाढवत गेले. त्या लाल विटांमध्ये चुना-सिमेंटाची रेघ दिसत नाही, विटा एकमेकींना कशा चिकटवल्या यावर जाणकार अजून भांडतायत. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत त्यातला सगळ्यात देखणा उंच मनोरा कोसळला. हार घालून आणलेल्या पाहुण्यांनी जाता जाता केलेली ही उस्तवार. त्यातल्या काही देवळांची डागडुजी २०१७ ते २०२२ या काळात कुणी केली? आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने. होय, तेच खातं, ज्याचा निळा फलक आपल्याकडच्या गडाच्या दरवाज्यावर 'हे राष्ट्रीय स्मारक आहे' असं सांगत असतो आणि ज्याच्या मागे बुरुज ढासळत असतो. तिथे त्यांनी नेटकं काम केलं. २०२० च्या मे महिन्यात काम चालू असतानाच एकसंध वालुकाश्मातलं नवव्या शतकातलं शिवलिंग मिळालं, परराष्ट्रमंत्र्यांनी ते जगाला दाखवलं, दोन दिवस आपल्याला ऊर भरून आला. तिसऱ्या दिवशी आपण सोनेरी पुलाचे दर बघू लागलो.

आणि आता तर 'लांब आहे' ही सबबही गेली. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनाम सरकारने शेजारचा क्वांग नाम प्रांत दा नांगमध्येच विलीन करून टाकला. एका रात्रीत होई आन आणि मी सोन दोन्ही दा नांगच्या हद्दीत आले. नव्या शहराचं क्षेत्रफळ सुमारे बारा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तीन गोवे आत बसून वर हात-पाय पसरायला जागा. आमच्या ओळखीच्या एका नगरसेवकाला हे सांगितलं तर त्याला दोन मिनिटं बोलता आलं नाही. मग त्याने विचारलं, 'टीडीआर किती मिळत असेल?'

*

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो, कारण ती कुठल्याच जाहिरातीत नसते.

दा नांगचा पावसाळा आपल्या उलट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो, तेव्हा तिथे लख्ख ऊन. आपला पाऊस परतीला लागला की त्यांचा सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर ईशान्येचे वारे आणि वादळं मिळून त्या किनाऱ्याला झोडपून काढतात. होई आनच्या घरांच्या भिंतींवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा मारून ठेवलेल्या आहेत. २०२५ मध्ये भाऊबीज होऊन तीन-चार दिवस होतात न होतात तोच तिथे असा पूर आला की होई आनच्या त्या कंदिलांच्या गल्ल्यांतून खऱ्या होड्या फिरू लागल्या.

आणि मराठी माणूस परदेशी सहलीला कधी निघतो? शाळांना सुट्ट्या, हातात बोनस, घरात फराळाचे डबे: दिवाळीत. टूरवाल्याला हे माहीत असतं. म्हणून त्या दिवसांत रिसॉर्ट त्याला निम्म्या दरात मिळतं आणि तो ते आपल्याला 'दिवाळी स्पेशल' म्हणून दीडपट दरात देतो. लॉबीत बसून चकल्या खात पाऊस बघायचा. समुद्र दिसत नाही, पण आवाज येतो.

पुढच्या दिवाळीचं बुकिंग सुरू झालंय, पहिल्या वीस जोडप्यांना ट्रॉली बॅग मोफत. छत्री ज्याची त्याने आणायची.